एक्केचाळिसावा फटका

"चाळीस म्हणजे चाळीस! एकोणचाळिसाला थांबलास तर खाणाऱ्याचे दात मोडतील, एक्केचाळीस मारलेस तर लगदा होईल. मोज, गाढवा, मोठ्यानं मोज!"

म्हाताऱ्या द्रोसोसचा हा आवाज अजून माझ्या अंगात घुमतो. समोर त्याचे दोघे मुलगे असायचे, थोरला नोमिकोस आणि धाकटा साकेल्लारिस. हातात समुद्रातून नुकताच काढलेला ऑक्टोपस, आणि तो आपटायला मी.

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. कालिम्नोस बेटाच्या धक्क्यावर, थेमेलिनाच्या खानावळीपुढे, झाऊच्या झाडाखाली मी पडून असतो. दगडाला कसली आलीय जीवनकथा, असं तुम्ही म्हणाल. पण जो मुकाट्यानं मार खातो, त्याच्याजवळ सांगण्यासारखं पुष्कळ असतं.

माझा जन्मच मुळी स्फोटातला. धक्का बांधायला दगड हवा होता, म्हणून माणसांनी डोंगराच्या कुशीत दारू ठासली आणि मला आईपासून तोडलं. ते दणके मला तेव्हापासून ओळखू येतात. आकाशातला दणका पाठीवर उतरतो. जमिनीवरचा पोटाखालून येतो.

ऑक्टोपसचं मांस चिवट असतं. आधी चाळीस फटके, मग माझ्या खरबरीत पाठीवर फेस येईपर्यंत घासणं, मग दोरीवर ऊन, आणि शेवटी निखारे. नोमिकोसचं लग्न होऊन थेमेलिना घरात आली, तेव्हा तिनं त्या फटक्यांना गाणं लावलं.

*पहिला माझा फटका गं, खोल काळ्या पाण्याला,*
*दुसरा माझा फटका गं, न परतल्या नावेला…*

तिचा बाप स्पंज काढायला समुद्राच्या तळाशी गेला होता. तो वर आलाच नाही. म्हणून दुसरा फटका नेहमी जोरात बसायचा.

गिऱ्हाईक पहिला घास घेई, डोळे मिटी आणि म्हणे, "थेमेलिना, लोणी आहे गं, लोणी!" लोणी म्हणे! त्या लोण्यामागचे चाळीस घाव माझ्या पाठीला ठाऊक. तरी ते ऐकून मी सुखावत असे.

आमच्या बेटावर ईस्टरच्या दुपारी खिडक्या सताड उघड्या ठेवतात, नाहीतर काचा राहत नाहीत. बंदराच्या दोन्ही अंगांच्या डोंगरांवर माणसं चढतात, सुरुंगाच्या नळ्या पेटवतात आणि आकाशात फेकतात. कुणाचा दणका मोठा, याची चढाओढ. इथे हात मिळवताना समोरच्याची बोटं कुणी मोजत नाही.

एकोणीस वर्षांपूर्वीची ती दुपार. साकेल्लारिस माझ्यावर बसून ऑक्टोपसच्या सुरीनं वाती कापत होता. माप चार बोटांचं. तेवढी वात जळेपर्यंत माणूस नीट श्वास घेऊन नळी फेकू शकतो. शेवटची वात मात्र त्यानं दोनच बोटं ठेवली. आखूड वातीची नळी हवेतच, उंचावर फुटते आणि समोरच्या डोंगराचे कान बधिर करते. "ही माझी," असं स्वतःशीच म्हणून त्यानं ती बाजूला ठेवली. ती वात कापताना सुरी माझ्यात रुतली. ती खाच अजून आहे.

इतक्यात थेमेलिनानं मुऊरीचं मडकं आणलं. भात भरलेलं कोकरू त्यात रात्रभर भट्टीत शिजलेलं असतं. तिनं झाकणावरची कणीक फोडली, वाफ उसळली. चाळीस दिवसांच्या उपवासानंतरचं ते पहिलं पोटभर मांस. साकेल्लारिस ताटावर तुटून पडला. तेवढ्यात नोमिकोस आला आणि त्यानं सगळ्या नळ्या टोपलीत गोळा केल्या, बाजूची सुद्धा.

"तू जेव रे, वखवखल्या! मी होतो पुढे. हाडं तरी ठेव माझ्यासाठी!"

साकेल्लारिसनं हाक मारायला तोंड उघडलं. तोंडात घास होता. "चढण अर्ध्या तासाची आहे," तो पुटपुटला, "एवढा गिळतो आणि जातो." मग दुसरा घास. मग तिसरा. ताट पुसून खाऊन झालं तेव्हा तो उठला आणि पळत सुटला.

दणका आला. माझ्या पाठीवर नाही, मित्रांनो. पोटाखालून.

गाव म्हणालं, नोमिकोस प्यायला होता. चार बोटांची वात असताना शुद्धीतला माणूस मरतो कसा? थेमेलिनालाही ते पटलं. तिनं नोमिकोसचा पेला माझ्यावर आपटून फोडला. "दोन वर्षांचं पोर टाकून गेलास, दारुड्या!" ती ओरडली, आणि काचा तिच्याच तळव्यात घुसल्या. तिचं रक्त माझ्या खाचेत उतरलं. साकेल्लारिस शेजारी उभा होता.

त्या दिवसापासून खानावळीचे ऑक्टोपस तोच आपटू लागला. आणि दर वेळी एक्केचाळीस. कुणी मोजत नव्हतं, मी मोजत होतो. शेवटचा फटका त्याच्या सगळ्या अंगानिशी येई. "हल्ली मांस मऊ पडतं हो," गिऱ्हाइकं म्हणत. मुऊरीला त्यानं पुन्हा कधी हात लावला नाही. थेमेलिनाचं गाणंही थांबलं. पुढे बर्फातले मऊ ऑक्टोपस पेट्यांतून येऊ लागले. लोक माझ्यावर रिकाम्या बाटल्या ठेवू लागले, विड्या विझवू लागले. मी महिनोन्महिने कोरडा राहिलो.

आणि मग यंदाचा ईस्टर. टेबलं भरली होती. कधी नव्हे तो ताजा ऑक्टोपस आला होता आणि साकेल्लारिस तो माझ्यावर आपटत होता. नोमिकोसचा मुलगा, आजोबांचंच नाव लावणारा द्रोसोस, टोपली घेऊन डोंगराकडे निघाला. समोरच्या डोंगरावरून नळ्या फेकणारा मिकेस जेवता जेवता म्हणाला, "तू चढू नकोस रे बाबा. तुमच्या घरात वातीपेक्षा बाटली लांब असते!"

टेबलं खदखदून हसली. द्रोसोसनं टोपली ठेवली आणि मिकेसचं टेबल उलथलं. मडकं फुटलं. मिकेसच्या नाकावर एक, दोन, तीन ठोसे बसले. मिकेसनं खुर्ची त्याच्या पाठीत घातली. कोकराची हाडं, भाताची शितं, रक्ताचे थेंब, सगळं माझ्यावर उडालं. दोघांना ओढून बाजूला करायला चौघे लागले.

द्रोसोस धापा टाकत माझ्याशी वाकला. ऑक्टोपसची सुरी उचलली आणि एका नळीची वात कापली. दोन बोटं. सुरी नेमकी त्या जुन्या खाचेत उतरली.

"बघा सगळ्यांनी! चार बोटांच्या वातीनं माझा बाप मेला म्हणता ना? ही दोन बोटांची आहे. ही फेकून येतो, मग बोला आमच्या रक्ताबद्दल!"

थेमेलिनानं टोपली धरली. "तुझ्या बापानं एकदा मारलंय मला. तू पुन्हा मारू नकोस, पोरा!"

"सोड, आई!" त्यानं तिला ढकललं. ती माझ्यावर कोसळली.

साकेल्लारिसचा एकतिसावा फटका हवेतच थांबला होता. तो खाली आला तो द्रोसोसच्या मनगटावर, ओल्या ऑक्टोपससकट. नळी हातातून उडाली आणि पाण्यात पडली.

"काका, वाट सोडा. टोपलीत अजून आहेत. तुम्ही त्या दिवशी वर नव्हता, तुम्हाला काय माहीत?"

मित्रांनो, मला जपा असं मी तुम्हाला सांगत नाही. दगड टिकतोच. पण घशाशी आलेला शब्द घासाखाली दाबू नका. घास थंड झाला तर पुन्हा तापवता येतो. मी बोलू शकलो असतो तर एकोणीस वर्षांपूर्वीच ओरडलो असतो.

साकेल्लारिसनं ऑक्टोपस खाली टाकला. माझ्या खाचेवर हात ठेवून तो गुडघ्यांवर बसला, थेमेलिनाच्या समोर.

"वहिनी, तो प्यायला नव्हता. त्याच्या हातातली वात दोन बोटांची होती. मी कापली होती, इथेच, माझ्यासाठी. त्याला माहीतच नव्हतं. तो टोपलीत घालून निघाला, ते मी बघितलं, वहिनी. बघितलं… आणि मी जेवत राहिलो."