रिकामे रकाने

विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहाबाहेर सकाळी आठपासून रांग लागायची. कुणी म्हाताऱ्या वडिलांना हाताला धरून आणलेलं, कुणी ऑफिसला दांडी मारून आलेलं. आत एका टेबलावर साधा संगणक आणि मागे भिंतीएवढा पडदा. माणूस खुर्चीत बसायचा, मी त्याची माहिती टाकायचो, आणि पडदा लाल किंवा हिरवा व्हायचा. लाल म्हणजे दोन वर्षांत किडनीचा आजार. हिरवा म्हणजे खुशाल घरी जा. हिरवा झाला की अख्खं सभागृह टाळ्या वाजवायचं. लोकांनी यंत्राला नावही ठेवलं होतं, 'जाणता'.

सर, म्हणजे आमचे विभागप्रमुख, माईक घेऊन रांगेभोवती हिंडायचे. "तीन लाख केसपेपर पचवलेत याने," ते म्हणायचे. "डॉक्टर थकतो, विसरतो. हा ना थकतो, ना विसरतो. शंभरात सत्त्याण्णव वेळा बरोबर. कसं ओळखतो म्हणाल, तर ते आम्हालाही सांगता येत नाही."

हे शेवटचं वाक्य ते मुद्दाम आवाज खाली आणून म्हणत आणि लोकांच्या अंगावर काटा यायचा. खरं तर त्याच वाक्याला कुणीतरी उठून त्यांना अडवायला हवं होतं. मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसायचो आणि हूं की चूं करायचो नाही.

आणि मी कोण? कॉलेजात असताना हवेतून अंगठ्या काढणाऱ्या बुवाचा हात भर सभेत धरून बाही झटकणारा मी. घरात कुणी पत्रिका काढली की नाकाने कांदे सोलणारा मी. पुढे मोठमोठ्या नोंदींच्या ढिगाऱ्यातून उपयोगी खुणा शोधायचं शास्त्र शिकलो, आणि त्याच शास्त्राच्या जोरावर एका नव्या बुवाचा पट्टशिष्य झालो. आता लिहितानाही कान गरम होतात.

मावशी आली ती एका शनिवारी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. तिचे पाय सुजत होते, जिना चढताना दम लागत होता. तिच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी पायावर बोट दाबून बघितलं होतं आणि किडनीची तपासणी लगेच करून घ्या, अशी चिठ्ठी दिली होती. तिला सुईची भयंकर भीती. 'तुझ्या यंत्राला विचारून बघू का आधी?' असं तिने फोनवर विचारलं, तेव्हा माझी कॉलर ताठ झाली. मी तिला रांगेच्या पुढे घेतलं. रांगेतल्या लोकांनी कुरकुर केली म्हणून तिचं वय, वजन आणि रक्तदाब घाईघाईने टाकला. उंची, आईवडिलांचे आजार, चालू औषधं, कामधंदा, सगळं सोडून दिलं. गर्दीत आम्ही बहुतेकांचं तसंच करायचो.

पडदा हिरवा झाला. मावशीने पदराने डोळे पुसले, चिठ्ठीचे चार तुकडे केले आणि माझ्या गालावरून हात फिरवला. मी पुढच्या माणसाला बोलावलं.

पाच महिन्यांनी सरांनी एक सत्कार ठेवला. ज्या रुग्णालयाचे ते तीन लाख केसपेपर होते, तिथल्या रेकॉर्डवाल्या ताईंचा. अठ्ठावीस वर्षं त्यांनी त्या फायली सांभाळल्या होत्या. सत्कारानंतर रोजची रांग सुरू झाली, तेव्हा ताई माझ्या शेजारी बसून तासभर नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांनी मला हळूच विचारलं, "हे रकाने तुम्ही रिकामे का सोडता?"

यंत्राला रिकामे रकाने चालतात, मी म्हटलं. जुन्या फायलींतही पुष्कळ रिकामे होतेच की.

"ते धडधाकट माणसांचे," ताई म्हणाल्या. "आजाऱ्यांचे नाहीत. ते मी भरलेत."

मग त्यांनी समजावून सांगितलं. कुणाला किडनीचा आजार निघाला की त्याची जुनी फाईल मोठ्या डॉक्टरांच्या समितीपुढे जायची. एक रकाना जरी कोरा असला तरी फाईल परत यायची आणि ताईंना बोलणी बसायची. म्हणून त्या नातेवाइकांना समोर बसवून दोन-तीन वर्षांपूर्वीचा केसपेपर नीट पूर्ण करायच्या. कधी भरलं, याची तारीख कुठेच नसायची. ठणठणीत माणसाची फाईल कुणी मागतच नव्हतं. ती होती तशी अर्धवट राहायची.

तेव्हा मला उलगडलं. यंत्राला आजार दिसतच नव्हता. भरलेला कागद म्हणजे आजारी, कोरा म्हणजे निरोगी, एवढंच ते शिकलं होतं. आम्ही त्याची परीक्षा घेतली तीही ताईंच्याच फायली वापरून, म्हणून सत्त्याण्णव मार्क. इथे सभागृहात कागदांची पिशवी घेऊन येणारे आधीपासूनच औषधोपचार घेणारे असत. त्यांचे रकाने भरत, पडदा लाल होई, आणि लोक म्हणत, बघा, बरोबर ओळखलं.

ताई उठल्या आणि सरांना म्हणाल्या, "साहेब, तुम्हीच बसा ना खुर्चीत." सरांनी आठवड्यापूर्वीच सगळ्या तपासण्या करून घेतल्या होत्या, सगळ्या स्वच्छ. मी त्यांचा एकूण एक रकाना भरला. पडदा लाल झाला. ताईंनी मला उंची, आईवडिलांचे आजार, औषधं आणि कामधंदा पुसायला सांगितलं. पडदा हिरवा झाला. पुन्हा भरलं, पुन्हा लाल.

सर म्हणाले, यंत्राचं गणित फार खोल असतं, ताईंना ते कळणार नाही. मागून एक बाई म्हणाली, "मग तुम्ही आजारी आहात का नाही, ते सांगा."

सरांनी माईक खाली ठेवला.

मी तिथूनच मावशीला फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी तिला तपासणीला नेलं. दोन्ही किडन्या जवळपास बंद पडल्या होत्या. डॉक्टर रागावले नाहीत. पाच महिने आधी आला असता तर बरंच वाचवता आलं असतं, एवढंच बोलले. पुढच्या आठवड्यात हिरवा रंग घेऊन गेलेल्या अकराशे लोकांना मी एकेक करून फोन केले, चूक सांगितली, शिव्या खाल्ल्या. मावशीला सांगणं मात्र लांबवत राहिलो. तिसऱ्या डायलिसिसच्या दिवशी तिच्या पलंगाजवळ बसून सगळं सांगितलं. माझी मान वर होईना.

ती म्हणाली, "मला त्या यंत्रातलं काय कळतंय रे? तू शेजारी होतास, म्हणून चिठ्ठी फाडली मी."

मी तिचं पांघरूण नीट केलं आणि बसून राहिलो.

म्हणून हात जोडून सांगतो. अंगठी काढणारा असो की पडदा रंगवणारा, त्याला आधी विचारा, हे तुला कशावरून कळलं? 'सांगता येत नाही' म्हणाला, की खुर्चीतून उठा आणि पायावर बोट दाबून बघणाऱ्या डॉक्टरकडे जा. मग त्या यंत्राच्या किंवा बुवाच्या मागे कितीही शिकलेली माणसं उभी असोत. शिकलेला तर मीही होतो. ताईंना तासाभरात सुचलेला प्रश्न मला यंत्राशेजारी काढलेल्या दोन वर्षांत सुचला नाही, कारण त्या टाळ्या मलाही आवडत होत्या.