बरी झालेली अल्जिया

अल्जियाचा टायफॉइड उन्हाळ्यातच उतरला होता. आता खजूर उतरवायचे दिवस आले तरी इस्पितळ काही तिला सोडायला तयार नव्हतं. फ्रेंच सरकार मोठं मायाळू. खाट फुकट, औषध फुकट, आणि ताप उतरला की पेशंटनेही तसंच फुकट राबायचं.

दक्षिण ट्युनिशियातल्या त्या इस्पितळात डॉक्टर एकच. तोच तुरुंगाचा, तोच छावणीचा, आणि ऑलिव्हच्या मळेवाल्या गोऱ्यांच्या घरी कुणी शिंकलं तरी धावायचं त्यानेच. नर्स म्हणून एकटी सिस्टर जोन्विएव्ह. उरलेलं सगळं अल्जियाच्या गळ्यात. जखमा धुणं, पट्ट्या बदलणं, मेलेलीचे डोळे मिटणं. दर आठवड्याला डॉक्टर तिची जीभ बघायचा आणि म्हणायचा, "अजून अशक्तपणा आहे." त्याच्या शब्दाशिवाय फाटकावरचा शिपाई कुणाला हलू देत नसे.

"तू आजारी पडायला शीक," शेजारच्या खाटेवरची म्हातारी तुर्किया म्हणायची. "एवढी धडधाकट दिसलीस तर कोण सोडेल तुला?"

आई येत नाही म्हटल्यावर मुलगीच आली. मनूबियाचे दिवस भरले होते, पहिली खेप होती, आणि आईशिवाय बाळंत व्हायचं तिच्या मनात नव्हतं. फाटकापाशीच कळा सुरू झाल्या. डॉक्टर मळ्यावर गेला होता, एका मडमेचं डोकं दुखत होतं. अल्जियानेच नातू हातात घेतला. संध्याकाळी डॉक्टरने बाळ बघितलं, सिस्टरचं अभिनंदन केलं आणि जेवायला गेला.

आता चाळीस दिवस बाळंतिणीने पाण्यात हात घालायचा नाही, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. तीळ, तूप नि मधाचं झरीर खायचं, पडून राहायचं, पोराला पाजायचं. झरीर आणायला इथे कोण होतं? पण पडून राहणं तरी नशिबी असावं, असं अल्जियाला वाटलं.

तिसऱ्या सकाळी मनूबिया उठली आणि आईच्या हातातली पट्टी घेऊन घडी घालू लागली. बिचारीला आईची दया आली. ती घडी सिस्टरने पाहिली.

"छान हात आहे हिचा," सिस्टर तिच्या मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाली. "राहू दे थोडे दिवस. अशक्त आहे. उद्यापासून धुणं हिच्याकडे."

आपल्याला अडकवून ठेवलं ते अल्जियाने गिळलं होतं. पण ओली बाळंतीण सोड्याच्या पाण्यात हात घालणार, आणि मग तीही पुढच्या खजुरांपर्यंत अशक्तच राहणार.

"सिस्टर, हिला कापसाजवळ ठेवू नका," ती सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "चोरटी आहे. माहेरी शेजाऱ्यांची अंडीसुद्धा सोडली नाहीत हिने. काल साबण गेला ना? विचारा हिलाच."

साबण अल्जियाच्या कमरेला होता.

"आई, काय बोलतेस तू?" मनूबियाने पट्टी खाली ठेवली.

"खोटं कशाला बोलू? माझ्याच पोटची आहेस ना."

दुपारच्या आत मनूबिया पोरासकट फाटकाबाहेर होती. चोराला बाहेर काढायला डॉक्टरचा शब्द लागत नव्हता. ती रडत गेली आणि आईकडे तिने वळूनही पाहिलं नाही.

"ही गोष्ट तिच्या सासरपर्यंत जाईल, बाई," तुर्किया हळूच म्हणाली.

"जाऊ दे. तोवर चार दिवस ती पडून तरी राहील." अल्जियाने डोळे पुसले आणि बादली उचलली.

सिस्टर मागून आली. तिने अल्जियाच्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवला.

"पोटच्या मुलीचीसुद्धा गय केली नाहीस. इतकी प्रामाणिक बाई मला कुठे मिळणार? मी डॉक्टरांना सांगते, तुला कधीच सोडू नका म्हणून."