कुंकवाचा दगड

या, असे जवळ सरका. टाळ घटकाभर खाली ठेवा. हुबळीच्या ओढ्याकाठच्या इंदुमतीची गोष्ट सांगतो, जिवाचा कान करून ऐका.

"अक्का, चहा नको, नुसतं पाणी द्या," म्हणत रश्मी चिखलानं भरलेली तशीच पायरीवर टेकली.

"नुसतं पाणी? माझ्या दारातला गाळ काढताय, आणि मी पाण्यावर बोळवण करू होय?"

रश्मी हुबळीतल्याच लॅमिंग्टन रोडच्या शाळेत शिकवायची. पुरानंतर दर रविवारी पंधराजण घेऊन ती यायची. बाभळींत अडकलेल्या चिंध्या काढायच्या, काठावर माती धरून ठेवणारं वाळ्याचं गवत लावायचं. इंदुमती पहिल्या दिवसापासून पदर खोचून त्यांच्यात. पूर पूर्वी जिथवर चढला असेल, तिथवर ओढ्याची हद्द धरायची, आत घर ठेवायचं नाही, असं पालिकेच्या साहेबांनी ठरवलेलं. जुनी खूण कुणाला ठाऊक नव्हती. म्हणून तूर्त लाल रेघ इंदुमतीच्या पायरीखाली मारलेली. घर रेघेच्या वर, सुखरूप. तिच्या नवऱ्यानं, हणमंतानं, दुर्गदबैलाच्या बाजारात जन्मभर कापडाची गाडी ढकलून ते उभं केलेलं.

त्या रविवारी काम आटोपलं, तशी इंदुमती हळदीकुंकू घेऊन परसातल्या एका दगडाशी गेली. रश्मी मागोमाग.

"हा कुठला देव, अक्का?"

"देव नव्हे गं, पाहुणी!" इंदुमतीचा चेहरा उजळला. "सासऱ्यांच्या काळात पुरात ओढ्याची गंगा इथवर आली होती. त्यांनी ओटी भरली, दगडाला कुंकू लावलं, तेव्हा बया माघारी फिरली. पूर येऊन गेला की मी अजून लावते."

रश्मी दगडाकडं बघत राहिली. दगड परसात, ओढा अंगणापलीकडं, आणि मधे घर. ती हळूच म्हणाली, "अक्का, मी काही ऐकलं नाही. तुम्हीही कुणाला सांगू नका."

मग कुठं इंदुमतीच्या ध्यानात आलं, पुराची जुनी खूण ती हीच. कुंकवाचं बोट हवेतच राहिलं. तिनं पदराचं टोक दगडापर्यंत नेलं. पुसवेना.

"खालच्या आळीतल्या अंबूताईकडं पाणी कुठवर चढलं होतं?"

"पत्र्यापर्यंत." रश्मीनं मान खाली घातली. "सापडल्याच नाहीत त्या."

"पाण्याला पसरायला जागा नव्हती म्हणून ना? मग साहेबांना लिही, बाई, खूण इथं आहे म्हणून."

पुढच्या आठवड्यात एका दुपारी हणमंत जेवायला आला, तेव्हा साहेबांची लाल रेघ परसात गेली होती.

"अय्यो! कीर्तनं ऐकून ऐकून डोकं फिरलंय तुझं! गप्प बसायला काय झालं होतं?"

"त्याच घडीला हात जोडले होते हो तिला, मग खूण कशी लपवू?"

"आणि आता जायचं कुठं?"

भाकरी ताटात तशीच वाळली.

पुढच्या पावसाआधी घर उतरवलं. भांडीकुंडी त्याच पंधराजणांनी टेम्पोत चढवली. चुलीच्या जागी वाळ्याचा ठोंब लावायचा होता. रश्मीनं तो उचलला आणि परत खाली ठेवला, तेव्हा इंदुमतीनंच तो घेतला, लावला, वर तांब्याभर पाणी घातलं आणि टेम्पोत जाऊन बसली. आता ती आणि हणमंत अळणावर गावी, तिच्या बहिणीच्या पडवीत राहतात.

कधी त्या काठानं गेलात, तर वाळ्यामागं एकटा दगड दिसेल. तिथं इंदुमतीची आठवण काढा. आणि कुंकू पुसट झालं असेल, तर तेवढं बोट लावून या.