खिडकीजवळचं स्टूल

“याला चहा म्हणायचं असेल, तर मग गिरणीतल्या रंगखात्याच्या गटारालाही चहाच म्हणा,” वॉटी टॅमच्या कानाशी पुटपुटला. “आणि ही कॉलर! एफीनं खळ घातलीय की सिमेंट?”

“मिळतोय तो चहा निमूट पी,” टॅमच्या पलीकडून एफी म्हणाली. “आणि कॉलर मी घातली म्हणून आहे. नाहीतर आला असतास तोच मफलर गुंडाळून, धुराडी साफ करणाऱ्यासारखा.”

एरवी या बहीणभावांच्या कुरबुरीत टॅम मधेच एखादी काडी टाकायचा. त्याची बायको आणि त्याचा मेहुणा, दर रविवारी जेवणाच्या टेबलावर चालायचंच हे. पण आज तो हसला नाही. खिशातलं टपालाचं पाकीट त्यानं तिसऱ्यांदा चाचपलं. पाकिटाच्या पाठीवर एफीनं भाषण लिहून दिलं होतं. चारच ओळी: आभार, देव, गिरणी, पुन्हा आभार.

ब्रॅकेटव्हिलच्या स्कॉटिश क्लबचा हॉल शनिवारच्या दुपारी गच्च भरला होता. समोरच्या भिंतीवर झेंड्यानं झाकलेली एक मोठी तसबीर. आत काय आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. १९२६ साली चषक जिंकलेला गिरणीचा फुटबॉल संघ. अकरांपैकी सात जण टेकडीवरच्या दफनभूमीत, दोघं परत स्कॉटलंडला, एक कॅलिफोर्नियात मुलीकडे. गावात उरला होता तो मधल्या फळीतला हाफबॅक टॅम गेडिस. वय अठ्ठावन्न, शाळेचा शिपाई, उजवा गुडघा लाकडासारखा. गिरणीही उरली नव्हती. पाच वर्षांपूर्वी मालकांनी तिचं काम दक्षिणेतल्या राज्यांत हलवलं, आणि या वसंतात तिची इमारत पाडायला घेतली.

म्हणजे सत्काराला माणूस निवडायचा प्रश्नच नव्हता. जो जिवंत, तो थोर.

टॅमला चोविसावं साल आठवत होतं. आठवायला कष्ट पडावेत असं ते साल नव्हतंच. स्कॉटलंडातल्या पेझलीच्या गिरणीत तो काम करायचा आणि शनिवारी खेळायचा. वॉटी चार वर्षं आधी इकडे अमेरिकेत आलेला. लढाईत विषारी वायूनं त्याची छाती कामातून गेली होती, म्हणून गिरणीनं त्याला दोरा तपासायला खिडकीजवळ बसवलं होतं. गावातल्या संघाला हाफबॅक हवाय हे कळल्यावर वॉटी आपण होऊन सुपरिंटेंडंट क्राउदरच्या दारात जाऊन उभा राहिला. “माझा मेहुणा आहे, साहेब. चेंडू त्याच्या पायाला चिकटतो, सोडवायला दोन माणसं लागतात.” महिनाभरात टॅम आणि एफीची बोटीची तिकिटं पेझलीला पोचली.

त्या काळी पद्धतच होती तशी. संघ गिरणीचा, खेळाडू गिरणीचे. नाव हजेरीपटावर, जीव शनिवारी मैदानावर. आठवडाभर त्यांचे पाय ताजे राहिले पाहिजेत म्हणून त्यांना हलकं काम. आता गिरणीत हलकी कामं काही झाडाला लागत नव्हती. जी होती त्यांवर कुणी ना कुणी बसलेलं असायचं. म्हाताऱ्या बाया, अधू माणसं, कुणी एका हाताचा.

“दोन जागा आहेत,” क्राउदर त्याला पहिल्याच सकाळी म्हणाला होता. “एक रंगखात्यात. दुसरी तपासणीच्या खिडकीजवळ.”

“खिडकीजवळ कोण आहे?”

“पर्डी. वॉल्टर पर्डी. तो खोकणारा. तुझा कोण लागतो म्हणाला तो?”

“बायकोचा भाऊ.”

“मग तूच सांग. त्या वाफेत उभा राहिलास तर नाताळापर्यंत तुझ्यात दम उरणार नाही. मला शनिवारी पळणारा माणूस हवाय. पण मी जबरदस्ती करणार नाही. तू नको म्हणालास तर पर्डी तिथंच राहील.”

टॅमनं टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज त्याला आजही तंतोतंत आठवतो. मग तो म्हणाला, “खिडकी.”

एवढंच. एक शब्द. आयुष्यात तो मैदानावर याहून मोठमोठ्यानं कितीतरी बोलला असेल, त्यातलं काहीच राहिलं नाही.

त्या संध्याकाळी वॉटी रंगखात्यातून थेट त्यांच्याकडे जेवायला आला. कोपरापर्यंत निळा. एफीनं सूप वाढता वाढता पाहिलं आणि तिचा डाव हवेतच थांबला. मग तीच घाईघाईनं म्हणाली, “टॅमला बिचाऱ्याला काय ठाऊक! त्या क्राउदरनं परस्पर केलं असणार.”

वॉटीनं टॅमकडे पाहिलं. टॅमच्या तोंडात सूप होतं. गिळायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ ते त्याच्या तोंडात राहिलं.

“हो,” वॉटी म्हणाला. “परस्परच केलं असेल.”

तो शब्द घरात आला तो राहायलाच आला. पुढं शेजारपाजारी, चर्चमध्ये, वॉटी खोकला की एफी कुणालातरी सांगायची, परस्पर केलं हो त्या माणसानं. आणि टॅम बुटांच्या नाड्या बांधायला वाकायचा.

सात हंगाम तो खेळला. चांगला खेळला, यात वाद नाही. मैदान म्हणजे बॉयलरची राख पसरलेला चौकोन. पडलं की गुडघ्यात काळे खडे रुतायचे. पावसात भिजलेला कातडी चेंडू डोक्यावर घेतला, की दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये एकाच्या जागी दोन पाद्री दिसायचे. वॉटी एकही सामना चुकवायचा नाही. शनिवारची अर्धी पाळी संपली की तो ओल्या कपड्यांनी, लाकडी तळव्याच्या बुटांनी खाडखाड करत दोरीपाशी येऊन उभा राहायचा आणि ओरडायचा. ओरडताना खोकायचा, खोकता खोकता पुन्हा ओरडायचा. बेला नावाच्या एका मुलीशी त्याचं ठरत आलं होतं. पण दर हिवाळ्यात खोकला वाढायचा आणि लग्न वसंतावर जायचं. शेवटी वसंत येत राहिले, बेला दुसरीकडे गेली.

चषक जिंकला त्या रात्री टॅमनं आपलं पदक त्याच्या हातात ठेवलं होतं. “तुझ्याचमुळं इथं आलो.”

“मी कुठं लावू हे? कोटाला भोक पडेल,” म्हणून वॉटीनं ते एफीच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवलं. चहाच्या गाळणीशेजारी. अजून तिथंच होतं.

एकतीस साली टॅमचा गुडघा गेला. तेव्हा बदली खेळाडू नसायचा. मोडलेला माणूस मैदानाच्या कडेला नेऊन उभा करत, निदान समोरचा एक जण त्याच्यावर लक्ष ठेवण्यात अडकावा म्हणून. चाळीस मिनिटं टॅम एका पायावर उभा होता, अगदी दोरीजवळ, वॉटीपासून हातभर अंतरावर.

“बस की आता खाली,” वॉटी त्याला म्हणाला होता. “तुला काय, बसायची सवय आहे.”

आजूबाजूचे हसले. वॉटीही हसला. सात वर्षांत तो या विषयाच्या याहून जवळ कधी गेला नाही, आणि नंतरच्या सत्तावीस वर्षांतही नाही.

“मंडळी!” क्लबचा अध्यक्ष गिलफिलन व्यासपीठावर चढला. चाळिशीचा, गुबगुबीत, विम्याच्या कचेरीत काम करणारा उत्साही माणूस. त्यानं झेंडा ओढला. टाळ्या झाल्या. तसबिरीत अकरा तरुण हाताच्या घड्या घालून जगाला आव्हान देत बसले होते. टॅम डावीकडून चौथा. केसांचा मधोमध भांग. त्याला स्वतःचा चेहरा पाहून एखाद्या उद्धट भाडेकरूची आठवण झाली.

“आणि आता,” गिलफिलन हात चोळत म्हणाला, “मिस्टर गेडिसना ठाऊक नसलेली गंमत! गिरणी पाडताहेत तिथं मी तीनदा गेलो. मुकादमाच्या हातापाया पडलो. आणि शोधून आणलं, खास तपासणीच्या खिडकीजवळचं.”

दोघा जणांनी आतून एक उंच स्टूल आणलं. बैठक घासूनपुसून तिला पॉलिश केलेलं, पायाला तांबडी फीत, कडेला चकाकती पितळी पट्टी. गिलफिलननं पट्टी मोठ्यानं वाचली: “टॅम गेडिस यांचं आसन, १९२४ ते १९३१. शनिवारी सिंह मैदानावर, आणि बाकी आठवडा सिंहासनावर!”

हॉलमधली तरुण मंडळी खळखळून हसली. मागच्या टेबलांवर गिरणीतले जुने लोक बसले होते. तिथून फक्त कपांत चमचे फिरल्याचा आवाज आला. साखर केव्हाच विरघळली होती, तरी चमचे फिरत होते. एफीनं हातरुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. वॉटीनं दोन्ही हात टेबलाखाली घेतले. त्याची नखं मुळाशी अजून निळसर होती, आधी रंगानं, आता श्वास अपुरा पडून. दुसऱ्यांच्या घरी तो हात असेच लपवायचा.

“या, या, बसा! फोटो काढायचाय!”

“गुडघा...” टॅम म्हणाला.

“अहो, गुडघ्यासाठीच तर बसायचंय!”

पुन्हा हशा. कुणीतरी त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवलं. व्यासपीठाच्या तीन पायऱ्या तो एकेक करून चढला. तो स्टुलावर बसला. उंची तीच होती. पाय आपोआप खालच्या आडव्या दांडीवर गेले, तेही त्याच जागी, जिथं लाकूड झिजलेलं होतं. आणि उजवा हात, त्याला न विचारता, बैठकीच्या खाली गेला.

गिरणीत स्टुलं पळायची. या खात्यातलं त्या खात्यात, रातोरात. म्हणून जो तो आपल्या स्टुलाच्या पोटाशी चाकूनं आपली आद्याक्षरं कोरून ठेवायचा. वरून दिसू नयेत, पण भांडण झालंच तर उलटं करून दाखवता यावीत. टॅमनं सात वर्षांत आपली कधी कोरली नाहीत. तिथं आधीच होती. हिवाळ्यातल्या लांबलचक दुपारी रिळं उजेडात धरून गाठी शोधता शोधता त्याची बोटं खाली जायची आणि ती दोन अक्षरं आंधळ्यासारखी वाचायची. विसरायची म्हटलं तरी सोय नव्हती.

गिलफिलननं वरची बाजू घासून घेतली होती. खालून हात लावायचं कुणाला सुचणार? अक्षरं जिथल्या तिथं होती. आधी डब्ल्यू, मग पी.

“हसा जरा, मिस्टर गेडिस!” फोटोवाला म्हणाला.

टॅमनं खाली पाहिलं. पहिल्या टेबलाशी एफी मान ताठ करून बसली होती. डोळ्यांनीच सांगत होती, पाकीट काढ, चार ओळी वाच आणि उतर खाली. तिच्या शेजारी वॉटी कॉलरमध्ये बोट घालून श्वासाला वाट करून देत होता. पायऱ्या चढून आला की त्याला तासभर धाप लागायची. आज तर दोन जिने होते. तरी आला होता. दोरीपाशी यायचा तसाच.

टॅम उठला. पाकीट काढलं, पाहिलं, आणि परत खिशात ठेवलं.

“हे स्टूल माझं नाही,” तो म्हणाला.

“म्हणजे?” गिलफिलन गडबडला. “मुकादम तर शपथेवर...”

“स्टूल तेच आहे. पण माझं नाही. वॉटी पर्डीचं आहे. खाली कोरलंय बघा.”

गिलफिलननं वाकून पाहिलं. मग पितळी पट्टीकडे पाहिलं. बिचाऱ्याचा चेहरा चोरीचा माल घेतल्यासारखा झाला.

“टॅम,” एफी खालून म्हणाली. आवाज हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. “पुरे. लोकांना ठाऊक आहे ते. त्या क्राउदरनं परस्पर केलं, तुझा काय दोष त्यात?”

मागच्या टेबलांवरचे चमचे थांबले.

टॅमचे कान तापले होते. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस लाजेनं असा तापू शकतो, हे त्याचं त्यालाच नवल वाटलं. स्टुलाला धरून तो उभा राहिला. मोडल्या गुडघ्यानं मैदानाच्या कडेला राहिला होता तसा, एका पायावर.

“परस्पर नव्हतं केलं, एफी,” तो म्हणाला. “मला विचारलं होतं त्यानं. मी नाही म्हणालो असतो, तर वॉटी खिडकीपाशीच राहिला असता. मला सगळं ठाऊक होतं. मी खिडकी म्हणालो.”

हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. वॉटीही नाही.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. वॉटी उठला. कॉलरचं बटण त्यानं सगळ्यांदेखत काढून टाकलं आणि व्यासपीठाकडे आला. दर पायरीवर थांबत, श्वास घेत. टॅमला हात द्यावासा वाटला, पण तो हात त्याला पुढं करवेना.

वॉटी वर पोचला. छातीचा भाता खालीवर होत होता. त्यानं टॅमकडे पाहिलं, मग स्टुलाकडे.

“चौतीस वर्षं लागली होय रे तुला,” तो म्हणाला. “हो बाजूला. पाय दुखताहेत माझे.”

आणि तो बसला. तांबडी फीत त्याच्या गुडघ्याखाली चुरगळली. त्याचा निळ्या नखांचा हात हळूच बैठकीखाली गेला, आणि बराच वेळ तिथंच राहिला.