वरचा थर

लोकरवालीच्या घरात उंचीवरून फार चेष्टा चालायची. ती स्वतः चांगली ताडमाड, नवरा जेमतेम तिच्या खांद्याला लागायचा, आणि सासूबाई तर नवऱ्याच्या कमरेला. तिघं मिळून बाहेर पडली की समोरचा किल्लीवाला ओरडायचा, "निघाला जिना फिरायला!" सासूबाई कधी चिडल्या नाहीत. "मीही होते की उंच," एवढंच म्हणायच्या, आणि सगळे आणखी हसायचे. वय झालं की माणूस आक्रसतं, त्यात काय एवढं.

पुढच्या खोलीत दोघींचं काम चाले. सासूबाई साबण करायच्या आणि सून त्यावर लोकर चढवायची. वडीच्या कडा गोल करून घ्यायच्या, मग पिंजलेल्या लोकरीचा एक उभा थर, एक आडवा, पुन्हा एक उभा. वडी नायलॉनच्या पायमोज्यात सरकवायची, कढत पाण्यात बुडवायची आणि तळहातांत घोळवत राहायची, आधी अलगद, नंतर जोर लावून. फेस येतो, लोकर आक्रसते आणि वडीला कातडीसारखी चिकटून बसते. पुढे साबण झिजत जातो तसतशी लोकरही लहान होत जाते. गिऱ्हाइकांना या गोष्टीची भारी गंमत वाटायची.

सासूबाईंचा नियम एकच होता. कामाला बसताना केसांना फडकं घट्ट बांधायचं. लोकरीत केस जाता कामा नये. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांचं आणखी एक खूळ होतं. मोरीत उंच खिळ्याला जाळीच्या पिशवीत त्यांची स्वतःची एक वडी टांगलेली असायची. स्टुलावर चढून त्या ती काढायच्या, रोज तिनेच अंग धुवायच्या आणि दुसऱ्या कुणाला बोटसुद्धा लावू द्यायच्या नाहीत. सून त्यांना मागे साबणवेडी म्हणायची. मागे म्हणजे फार मागे नव्हे, शेजारच्या खोलीतूनच.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी डझनभर वड्या मागवल्या, त्या दुपारी सासूबाई झोपल्या होत्या. अकरा वड्या झाल्या आणि बाराव्या वडीला वरची लोकर कमी पडली. सकाळीच ठमीचे केस कापले होते. ठमी म्हणजे लोकरवालीची सात वर्षांची लेक. तिचे मधाच्या रंगाचे मऊ कुरळे केस फेकायचे जिवावर आलं, म्हणून आईने ते कागदात गुंडाळून ठेवले होते. त्यातली एक बट तिने उघड्या राहिलेल्या जागी गोल फिरवून ठेवली आणि वरून लोकरीचा पातळसा पापुद्रा दिला. पाण्यातून निघाली तेव्हा बाराही वड्यांत तीच उठून दिसत होती. आपल्या पोरीचं काहीतरी त्या चकचकीत दवाखान्यात मांडलेलं राहील, या विचाराने तिला उगीचच बरं वाटलं.

वड्या पोचल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ठमी चित्र काढता काढता खिदळली. "आई, कुणीतरी मला चोळतंय!"

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. वीस मिनिटांनी ती पुन्हा खिदळली, मग पुन्हा. दुपारपर्यंत तिला हसू येईनासं झालं. "बास म्हणावं ना त्यांना," ती म्हणाली. तिच्या कानामागे पांढरा फेस होता. आईने तो पुसला, आणि ती पाहत असतानाच तिथे नवा फेस आला.

आठ दिवसांत ठमीच्या चपला पायातून निसटायला लागल्या. बारीक झालीये, खात नाही, असं आई सगळ्यांना सांगत होती आणि स्वतःलाही. पोरांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि काही बिघाड नाही म्हणाले. मग एका सकाळी तिने ठमीला दाराच्या चौकटीशी उभं केलं. दर वाढदिवसाला तिथे पेन्सिलीने रेघ मारायची त्यांची पद्धत होती. सातव्या वाढदिवसाची रेघ पोरीच्या डोक्याच्या चार बोटं वर होती. ठमी बारीक झाली नव्हती. ती सगळीच्या सगळी लहान होत होती.

सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी आधी रेघ पाहिली, मग नातीच्या कानामागचा फेस पाहिला.

"केस घातलास?" त्यांनी विचारलं.

सुनेने होकारार्थी मान हलवली.

"कुठेय ती वडी? आण जा, पळ!"

ती तशीच, डोक्याचं फडकंही न सोडता धावत सुटली. दवाखान्यात खुर्चीवर एक माणूस आ वासून पडला होता आणि डॉक्टरीणबाई कोपऱ्यातल्या बेसिनपाशी हात धूत होत्या. त्यांच्या बोटांत ती वडी होती. निम्मीही उरली नव्हती. मधाच्या रंगाची बट मात्र तशीच होती, वेटोळं आवळून आणखी घट्ट झालेली.

"अहो, काय सुंदर आहे ही!" बाई म्हणाल्या. "बाकीच्या अकरा अजून काढल्याच नाहीत मी. हिच्यावरून हात हलत नाही. सांगू का, कोमट लागते हाताला. गार पाण्यातसुद्धा."

लोकरवालीने ती जवळजवळ हिसकावूनच घेतली. चूक झाली, दुसरी देते, असं काहीबाही पुटपुटत ती बाहेर पडली. घरी येईपर्यंत वडी तिने छातीशी धरली होती, आणि ती खरंच कोमट होती.

आता हिला पाणी लागू द्यायचं नाही, असं तिने ठरवलं. वडी स्वच्छ रुमालात गुंडाळून कपाटात वर ठेवली. त्या दिवशी ठमीला कुणी चोळलं नाही. आई ओट्याला टेकून पोटभर रडली आणि नवऱ्याला म्हणाली, सुटलो एकदाचे.

तिसऱ्या दिवशी ठमीचे ओठ फुटले. पाणी किती प्यायली तरी तिची तहान भागेना. चौथ्या दिवशी तिची बोटं मिटेनात आणि कोपरापासून मनगटापर्यंत कातडीवर एक बारीक रेघ उमटली. आईने कपाटातून वडी काढून पाहिली. लोकर कडक झाली होती आणि आतला साबण तडकला होता, अगदी तशाच रेघेत.

ती वडी घेऊन सासूबाईंसमोर मटकन बसली. "आई, मी काय करू? तुम्हाला माहितीये. सांगा ना."

"कोरडी ठेवलीस तर तडकते. पाण्यात ठेवलीस तर विरघळते." सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या आणि त्यांचे पाय जमिनीला पोचत नव्हते. "वापरावीच लागते बाई. फक्त झीज तिला लागू द्यायची नाही."

त्यांनी खिळ्यावरची स्वतःची वडी काढायला लावली आणि सुनेच्या हातात ठेवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. वरची लोकर करडी होती आणि तिच्यात पांढरे केस गुंतलेले दिसत होते.

"हिच्या आत थर आहेत. मोजायचं मी सोडलंय. सगळ्यात आत तुझा नवरा आहे. सहा वर्षांचा होता. त्याचे कापलेले केस मी वडीत घातले आणि माझ्या आईला पाठवली. आठवण म्हणून गं. मला कळेपर्यंत बरंच झिजलं होतं पोर. म्हणून तर तुझ्या खांद्याला लागतो. मग मी वरून नवा साबण चढवला, त्यावर लोकर, आणि लोकरीत माझे केस. झिजायचं ते वरच्याने झिजायचं."

सुनेला तो जिना आठवला, किल्लीवाला आठवला, आणि आपण किती हसलो ते आठवलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर साबणवेडी म्हणाली असतीस."

"ते तर मी तसंही म्हणायचे."

"ऐकू यायचं मला," सासूबाई म्हणाल्या, आणि हसल्यासुद्धा.

मग दोघी कामाला बसल्या. सासूबाईंनी नवा मऊ साबण ठमीच्या वडीभोवती बोटभर जाड थापला. सुनेने डोक्याचं फडकं सोडलं, वेणी मुळापाशी धरली आणि कात्री चालवली. केसांचा एक उभा थर, लोकरीचा आडवा, पुन्हा केस, पुन्हा लोकर. पायमोजा, कढत पाणी. तिने वडी घोळवायला घेतली आणि पहिल्याच फेऱ्याला तिच्या पाठीवरून खांद्यापासून कमरेपर्यंत एक ओला, मोठा हात फिरला. तो तिचाच हात होता. तिने ओठ घट्ट दाबले आणि थांबली नाही.

आतल्या खोलीतून ठमीने हाक मारली, "आई, माझी बोटं मिटतायत!"

आता लोकरवाली रोज सकाळी त्याच वडीने अंग धुते. वडी तिने दुसऱ्या खिळ्याला टांगली आहे, सासूबाईंच्या वडीशेजारी. ठमीचे ओठ बरे झाले, चपला पायात बसायला लागल्या, आणि आठव्या वाढदिवसाला तिची रेघ सातव्याच्या केसभर वर गेली. त्या दिवशी तिने हट्टच धरला.

"आता तुझी, आई. दरवर्षी माझीच काय म्हणून? चौकटीला टेकून उभी राहा."

आई उभी राहिली. ठमी स्टुलावर चढली, पेन्सिल टेकवली आणि खाली न पाहताच ओरडली, "ए, लबाडी नाही! टाचा खाली!"

"खालीच आहेत गं," लोकरवाली म्हणाली, आणि चवडे आणखी घट्ट रोवून तिने टाचा तशाच वर धरून ठेवल्या.

सासूबाई कोपऱ्यात लोकर पिंजत होत्या. त्यांची नजर जमिनीपासून फार वर नसतेच, त्यामुळे टाचा त्यांना नीट दिसत होत्या. त्यांनी पोरीला काही कळू दिलं नाही.

"केस वाढव हं पुन्हा," त्या सुनेला हळूच म्हणाल्या. "पुढच्या थराला लागतील."