पाडव्याच्या डावाचे अपील

दंड धुळाप्पाने भरला होता आणि प्रकरण मिटले, असे तोच गल्लीभर सांगत होता. त्याची वहिनी काशम्मा मात्र ते मिटले असे मानायला तयार नव्हती. बाळीवेशीतल्या तिच्या घरी दिवाळीच्या पाडव्याला भाऊबंद जमून थोडे पैसे लावून कवड्यांवर सारीपाट खेळत. यंदा पोलिसांनी छापा घातला आणि घरमालकीण म्हणून मॅजिस्ट्रेटने तिला जुगाराचा अड्डा चालवल्याबद्दल दोषी ठरवून दंड केला. तेव्हापासून बायका नळावर तिच्या घराची खूण सांगताना ‘तो अड्डा’ असे म्हणू लागल्या.

तिने सेशन्स कोर्टात अपील केले. निकाल वाचून वकील एकनाथराव म्हणाले, "शिक्षा खेळाबद्दल नाही. दर डावामागे एक नाणे तुमच्या तांब्यात पडत होते. तो तुमचा नफा धरला आहे. नाणी कुठे जातात, असे विचारल्यावर तुम्ही गप्प का बसलात?"

नाणी मठाच्या दिव्याला तेल घालण्यासाठी जात. पण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहून गुरूच्या मठाचे नाव घेणे तिला पाप वाटले होते. एकनाथरावांनी कपाळाला हात लावला. आता स्वतः गुरूंनी, मठाच्या अय्यांनी, साक्ष दिली तरच काही होईल, असे ते म्हणाले. त्यांनी अर्ज केला आणि नव्या साक्षीला परवानगी मिळवली.

अय्या तयार होईनात. मठात जुगाराचे तेल जळते, असे लोक म्हणतील, ही त्यांची धास्ती.

"तेल घेताना तसं म्हणाला न्हाईत की, अय्या," काशम्मा म्हणाली आणि मठाच्या पायरीवरच बसून राहिली. भक्त येत होते, तिला वळसा घालून आत जात होते. दुपारी अय्यांनी होकार दिला.

कोर्टात सरकारी वकिलाने त्यांना विचारले, जुगाराच्या पैशाचा दिवा देवाला चालतो का?

"पाडव्याला पार्वतीसंगं महादेव खेळला," अय्या म्हणाले. "त्याला चालतं, तर दिव्याला का न्हाई?"

जज्जसाहेबांनी तांब्यातले एकही नाणे काशम्माच्या पदरात पडल्याचा पुरावा नाही, असे ठरवून शिक्षा रद्द केली. निकाल इंग्रजीत झाला. काशम्मा जागची हलली नाही. एकनाथरावांनी तो मराठीत सांगेपर्यंत उभीच राहिली. मग धुळाप्पाकडे वळली.

"भावजी, दंड भरला हे गल्लीभर तुम्हीच सांगितलंत. आता हेही तुम्हीच सांगा. नळापासून सुरू करा."