बाबांची राखीव वाट

“मेला नुसता लुकलुकतो. काम म्हणून करत नाही. एकदा चांगला आपटला पाहिजे याला!”

आत्या हे माझ्या अगदी जवळ येऊन पुटपुटली. त्याच वेळी ती फडक्याने माझ्यावरची धूळही पुसत होती. हाताने माया आणि तोंडाने उद्धार! मी हादरलोच. इतकी वर्षं या घरात राबलो, आणि हे फळ?

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. तुमच्या घरातलं वायफाय ज्याच्यातून येतं, तोच. या घरात मला राउटर कुणी म्हणत नाही, ‘डबा’ म्हणतात. माझी एक काडी, म्हणजे अँटेना, मोडली आहे, ती रबरबँडने बांधली आहे. रंग एके काळी पांढरा होता. आता त्याला काय म्हणावं ते मलाही सांगता येणार नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. अंगात बारीक बारीक भाग बसवले, वर टोपण लावलं आणि मला तपासणीच्या खोलीत नेलं. तिच्या भिंतींना आतून स्पंजचे काळे सुळके होते. बाहेरची एकही लहर आत येत नव्हती. मी हाक मारली, समोरच्या एकुलत्या एका यंत्राने ओ दिली, आणि मी पास झालो. मला वाटलं, जग असंच शहाण्यासारखं शांत असणार.

या घरात आलो, वायर लागली आणि मला आयुष्यातला पहिला धक्का बसला. बापरे, काय तो गलका! वरच्या मजल्यावरचा राउटर ओरडतोय, खालचा ओरडतोय, समोरच्या इमारतीतले तर सगळे मिळून ओरडतायत. सगळ्यांची हवा एकच. आणि हवेचा नियम असा, की एका वेळी एकानेच बोलायचं. दोघं एकदम बोलले तर दोघांचंही वाया जातं आणि दोघांनाही पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. म्हणजे माझं खरं काम धावण्याचं नाहीच. पाळ्या लावण्याचं आहे. तू बोल, तू थांब, आता तू. अगदी शाळेतल्या बाईंसारखं.

ते मी चांगलं करत होतो. दिवाणखान्याच्या मधोमध, कपाटावर माझी जागा होती. घरात चार माणसं. बाबा एका कंपनीसाठी घरूनच पुलांचे आराखडे तपासत. आई पडद्यावरून शिवण शिकवायची. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, ती मालिका बघायची आणि बघता बघता त्यातल्या सासूला शिव्या द्यायची. आणि लेक. ती चांगली नोकरीच्या वयाची झाली आहे, पण घरात तिला सगळे चिमणीच म्हणतात.

पुलांचे आराखडे फार जड असतात, मित्रांनो. एक पाठवायला घेतला की आईच्या पडद्यावर सुई टाक्याच्या मधेच थिजायची. मग चिमणीने आपल्या फोनवरून माझ्या आत एक सोय करून दिली. जाणाऱ्या-येणाऱ्या माहितीचा निम्म्याहून मोठा हिस्सा फक्त बाबांच्या कॉम्प्युटरसाठी. बाकीच्यांनी उरलेल्यात भागवायचं. तिने त्या सोयीला नाव दिलं ‘बाबांची वाट’. बाबांना इतकं कौतुक वाटलं, की येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, “आमच्या घरात माझ्यासाठी वेगळा रस्ता आहे, बरं का! लेकीने बांधलाय. टोल नाही.”

तेव्हा मला मान होता. पुढे दिवाणखान्याला रंग काढला आणि आईला मी डोळ्यांत खुपू लागलो. मग मला कोपऱ्यात, माशांच्या टाकीमागे ढकललं. शेजारी रिकामे पत्र्याचे डबे आले. आता पाणी माझ्या लहरी पिऊन टाकतं आणि पत्रा त्या परतवतो, हे या माणसांना कुणी सांगायचं? मासे मात्र माझ्याकडे बघत राहायचे. तेवढीच सोबत.

तरीही मी तक्रार केली नाही. खरा धक्का पुढेच होता.

एके दिवशी बाबांच्या खोलीचं दार नेहमीसारखं बंद झालं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आत बसले होते. दाराआडून त्यांचा आवाज येत होता, “हो, हो, बघतो ना. आज पाठवतो. अगदी नक्की.” मी बाबांची वाट मोकळी करून तयार राहिलो. काहीच आलं नाही. मला वाटलं, माझीच काडी गेली. मी स्वतःला तपासलं. सगळं ठीक होतं. बाबांचा कॉम्प्युटर मला जोडलेलाही होता. पण बाबा बोलत होते, हसतसुद्धा होते, आणि माझ्यातून त्यातलं एक अक्षरही बाहेर जात नव्हतं. बाहेरूनही एक अक्षर येत नव्हतं. आणि त्यांचा फोन तर बाहेर दिवाणखान्यातच पडला होता.

मला पाय नाहीत, नाही तर पायाखालची जमीनच सरकली असती. बाबा कुणाशीच बोलत नव्हते!

दुसऱ्या दिवशी तेच. त्यानंतरही तेच. शर्ट, दार, “हो, हो, पाठवतो”, आणि रिकामी वाट. मला ओरडून सांगावंसं वाटायचं. पण माझ्याजवळ चार दिवे आहेत, तोंड नाही.

मला वाटत होतं, घरात हे मला एकट्यालाच ठाऊक आहे. इथेही मी मूर्ख ठरलो. कारण हळूहळू घरात एक विचित्र चाल पडली. बाबांनी दार लावलं की आत्या मालिका बंद करायची. “मला मेलीला काय, बघितलं काय नि न बघितलं काय. त्याचं ऑफिस चालू दे,” असं मोठ्याने म्हणायची, आतपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. आई शिवणाचा वर्ग दुपारी, बाबांच्या जेवणाच्या वेळेत उरकायची. चिमणी फोनचं वायफाय बंद ठेवायची. एकदा आई चहा घेऊन आत गेली आणि बाहेर आली ती माझ्यासमोर नुसती उभी राहिली. आत्याने विचारलं, “काय गं, फार काम आहे का त्याला?” आई म्हणाली, “फार. मान वर करायला वेळ नाही, वन्सं.” दोघी एकमेकींकडे न बघता माशांकडे बघत होत्या. बिचारे मासे. त्या दिवशी त्यांना दोनदा खायला मिळालं.

तिघींनाही माहीत होतं, फक्त ते बाबांना कळू द्यायचं नव्हतं. आणि तिघीही मला शिव्या देत होत्या!

आता गंमत बघा. बाबा काहीच वापरत नव्हते, बाकीचे बाबांसाठी वापरत नव्हते, आणि तरीही घरात वायफाय अडत होतं. का? कारण मी जुना आहे. हल्लीचे राउटर रिकामी वाट बघितली की ती दुसऱ्याला वापरू देतात आणि मालक आला की परत घेतात. मला ते जमत नाही. माझ्यात राखीव म्हणजे राखीव. खुर्ची रिकामी राहिली तरी चालेल, पण उभ्या माणसाला बसू द्यायचं नाही. मला तसंच घडवलं आहे.

याचा फटका बसला चिमणीला. ती खुणांची भाषा शिकवते. ज्यांना ऐकू येत नाही त्या मुलांशी ती हातांनी बोलते, आणि काय बोलते! दूरच्या गावातल्या एका शाळेला अशी शिक्षिका हवी होती. मुलाखत पडद्यावरूनच होती. मुलाखत घेणाऱ्या बाईंनाही ऐकू येत नव्हतं, म्हणजे सगळा कारभार हातांचा. साधं बोलणं असतं तर अडखळत का होईना, निभलं असतं. पण इथे चित्र थांबलं की शब्दच तुटतो. चिमणी मुलांविषयी काही सांगत होती आणि तिचे हात पडद्यावर मधेच थिजले. अर्धा शब्द हवेत! हलले तेव्हा ती तिसऱ्याच वाक्यावर पोचली होती. बाईंनी शेवटी लिहून कळवलं, तुमचं काहीच समजलं नाही, पुन्हा एकदा भेटू, पण ती शेवटची संधी.

चिमणी रडली नाही. माझ्या मोडक्या काडीचा रबरबँड तिने नीट केला. त्याचंच मला जास्त लागलं.

मग दुरुस्तीवाला आला. त्याने आल्या आल्या मला माशांच्या टाकीमागून उचलून पुन्हा कपाटावर ठेवलं. “इथे कुणी ठेवलं हो? पोहायला?” त्याने विचारलं. आई ओशाळली. शेजाऱ्यांच्या गलक्यातून लहरींची जरा मोकळी पट्टी शोधून त्याने मला तिच्यावर बसवलं. मला कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेता आला. मग चिमणीने तिचा फोन त्याच्या हातात दिला आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

“अहो, निम्म्याहून जास्त तर तुम्ही एकाच कॉम्प्युटरला देऊन ठेवलंय. ते काढा, सगळं सुटेल. काढू?”

“नको!” तिघी एकदम ओरडल्या. मी दचकलो. माझा एक दिवा क्षणभर विझलासुद्धा.

“त्याचं ऑफिस असतं,” आत्या म्हणाली.

“पण इथून तर काहीच जात...” तो फोनकडे बघत म्हणाला.

“चहा घेणार ना तुम्ही?” आईने इतक्या झटकन विचारलं, की तो उरलेलं वाक्य गिळून “घेतो” म्हणाला. चहा पिताना बंद दाराआडून आवाज आला, “हो, हो, पाठवतो.” त्याने फोनकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि कपात तोंड घातलं. जाताना म्हणाला, “मग नवीन राउटर घ्या. हा काढून टाका.”

आणि मित्रांनो, माझ्या डोळ्यांदेखत ते ठरलं! एक वाक्य बोलायला नको, म्हणून मला भंगारात घालायचं. पण नवीन यायच्या आधीच दुसऱ्या मुलाखतीचा दिवस उजाडला.

मला तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. घरातली वस्तू अडली तर तिला आपटण्याआधी तिच्यावरची धूळ पुसा, तिला मोकळ्या जागी ठेवा, आणि ती नक्की कुणासाठी थांबली आहे ते विचारा. कधी कधी वस्तू बिघडलेली नसते. ती फक्त सांगितलेलं ऐकत असते.

आता त्या दिवसाचं ऐका. मुलाखतीच्या जरा आधी चिमणी मैत्रिणीबरोबर पडद्यावर सराव करत होती. तिने हात उचलले आणि चित्र अडलं. पूर्वीपेक्षा कमी, पण अडलं. तिच्या फोनवर बाबांच्या वाटेचं बटण उघडं होतं. अंगठा त्याच्यावर गेला आणि मागे आला. माझ्यात काहीही बदललं की त्याची सूचना बाबांच्या फोनवरही जाते. ती गेली असती तर वाट रिकामी असल्याचं चिमणीला ठाऊक आहे, हे बाबांना कळलं असतं.

तेवढ्यात खोलीचं दार उघडलं. बाबा बाहेर आले. वर इस्त्रीचा शर्ट, खाली घरातली जुनी विजार.

“अजून अडतंय का गं?”

“हा डबा मेला जुना आहे,” आत्या म्हणाली.

“भिंती जाड आहेत आपल्या,” आई म्हणाली.

“समोरचे सगळे एकदम लावतात, बाबा,” चिमणी म्हणाली.

बाबा कपाटापाशी आले. माझ्याकडे बघत म्हणाले, “पण असं कसं? मी तर काही वापरतही नाही. मुद्दामच. म्हटलं, तुम्हाला तरी...”

आणि ते थांबले.

म्हणजे बाबाही यांच्यासाठीच उपाशी बसले होते! पडद्यावरची मैत्रीण हात वर करून अडकली होती.

“माझी ती वाट,” बाबांनी हळूच विचारलं, “अजून राखीव आहे?”

चिमणीने होकाराची मान हलवली.

“काढ ती.”

“अहो, पण तुमचं ऑफिस...” आईच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

बाबांनी शर्टाचं वरचं बटण उघडलं.

“ऑफिस नाही,” ते म्हणाले. “माझी नोकरी गेलीय.”